दम वाढला, पण नडगी दुखू लागली! नवख्या धावपटूचा पाचवा आठवडाच का घात करतो?

पोलीस भरती, अग्निवीर किंवा डॉक्टरांनी दिलेली वजन उतरवण्याची ताकीद. कारण कोणतेही असो, नव्याने धावायला लागलेले अनेक जण एकाच वळणावर अडतात. सुरुवातीचा त्रास सरतो, श्वास जुळतो, वेळ कमी होऊ लागते आणि नेमके तेव्हाच पाय दगा देतो. असे का होते? त्यावर उपाय काय?

अमरावती-नागपूर महामार्गावरचे तिवसा पहाटे साडेपाचला पुरते जागेही झालेले नसते. त्या वेळी रस्त्याच्या कडेने, मोकळ्या मैदानांवर आणि शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर पोट्टे धावताना दिसतात. आता मुलीही मोठ्या संख्येने असतात. कुणाच्या पायात स्पोर्ट्स शूज, कुणाच्या साधे कॅनव्हासचे बूट. हातातल्या मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू असते.

हे चित्र एकट्या तिवस्याचे नाही. वऱ्हाडातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी ते दिसते. सोयाबीन आणि कपाशीच्या भावावर घर चालत नाही, तेव्हा वर्दीची नोकरी हा मोठा आधार वाटतो. त्या नोकरीचे पहिले दार मैदानावर आहे.

मात्र महिन्या-दीड महिन्याने त्याच मैदानावर गेले, तर सुरुवातीचे बरेच चेहरे दिसत नाहीत. काही जण पहिल्याच आठवड्यात कंटाळून गेलेले असतात. पण जे चिकाटीने टिकले, ज्यांची प्रगती होत होती, त्यांच्यातलेही अनेक जण पायाला क्रेप बँडेज बांधून कडेला बसलेले असतात. कमी पळाल्यामुळे त्यांची ही अवस्था झालेली नसते. चांगले पळता यायला लागले, म्हणून ती झालेली असते.

भरतीत धावण्याला एवढे महत्त्व का?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानी चाचणीत किमान ५० टक्के गुण मिळाले आणि पदांच्या दहापट उमेदवारांच्या यादीत नाव आले, तरच लेखी परीक्षेला बसता येते. म्हणजे वर्षभर केलेला अभ्यास कागदावर उतरण्याआधी पाय पास व्हावे लागतात.

स्पर्धा किती? २०२४ मध्ये झालेल्या भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी राज्यभरातून १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका पदामागे सुमारे शंभर.

१६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील, तर ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर संपवावे लागते. हिशेब असा: ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या, ३१० सेकंद, म्हणजे प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. महिलांना ८०० मीटरसाठी २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे फेरीला ८५ सेकंद. अग्निवीर भरतीत १६०० मीटरच्या पहिल्या गटाची मर्यादा ५ मिनिटे ३० सेकंदांची आहे.

त्यात वयाची अट. पोलीस शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांची मर्यादा आहे. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे जाहिरात आली, की एकदम धावपळ सुरू होते. ऐन वेळी झालेली एक दुखापत मुलाचे एक वर्ष खाऊ शकते. कधी ते वर्ष वयात बसणारे शेवटचे असते.

पहिले पंधरा दिवस एवढे जड का जातात?

बहुतेकांची पहिली चूक एकच असते. ते पहिल्या दिवसापासून परीक्षेच्या वेगाने धावायला जातात. दोनशे मीटरवर छाती भरून येते, बरगडीखाली कळ येते, पाय शिशासारखे होतात. मग 'आपल्याच्यानं होत नाही' असा समज होतो.

प्रत्यक्षात शरीराला जेवढा ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोहोचवता येतो, त्यापेक्षा जास्त मागणी वेगामुळे निर्माण झालेली असते. तूट भरून काढण्यासाठी स्नायू ऑक्सिजनशिवाय ऊर्जा तयार करू लागतात. तो मार्ग झटपट आहे, पण फार वेळ टिकत नाही.

यावर सोपी कसोटी आहे. धावताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांत श्वास तुटत असेल, तर वेग जास्त आहे. नवख्या माणसाचा योग्य वेग अनेकदा भरभर चालण्यापेक्षा जरासाच जास्त असतो. तो लाजिरवाणा वाटतो, पण पाया त्यानेच घातला जातो. १६०० मीटरसारख्या अंतरातही साधारण चार पंचमांश ऊर्जा ऑक्सिजनच्याच मार्गाने येते. म्हणून हळू धावलेले किलोमीटर वाया जात नाहीत.

तीन आठवड्यांत दम कसा वाढतो?

इथे शरीर सुखद धक्का देते. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातल्या पातळ भागाचे, म्हणजे प्लाझ्माचे प्रमाण वाढते. हृदयाच्या एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त बाहेर पडू लागते. तेच काम कमी ठोक्यांत होते.

पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होऊ लागते. पहिल्या दिवशी ज्या विजेच्या खांबापाशी थांबावे लागले होते, तो खांब आता सहज मागे पडतो.

नव्या धावपटूची प्रगती या काळात जेवढी झपाट्याने होते, तेवढी पुढे कधीच होत नाही. जुना धावपटू वर्षभर घाम गाळून काही सेकंद कमी करतो, नवखा महिन्याभरात मिनिटभर कमी करतो. साहजिकच हुरूप येतो. तीन दिवसांचे सहा दिवस होतात, दोन किलोमीटरचे पाच. सोबतचे मित्र दहाची भाषा करू लागतात.

मग दुखणे नेमके तेव्हाच का येते?

कारण शरीराचे सगळे भाग एका गतीने तयार होत नाहीत. दम आठवड्यांत येतो, हाडाला महिने लागतात.

स्नायूंना भरपूर रक्तपुरवठा असतो, म्हणून ते लवकर सावरतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या सावकाश बळकट होतात. हाडाचे काम तर आणखी वेगळे आहे. त्यावर नवा ताण आला, की आधी जुना भाग खरवडून काढला जातो. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. त्या जागी नवे, अधिक मजबूत हाड भरायला मात्र तीन-चार महिने लागतात.

घराची भिंत पाडून नवी बांधायला काढली आहे, पाडकाम झाले आहे आणि नवी वीट अजून पुरती चढलेली नाही, अशी ही मधली अवस्था. सराव सुरू झाल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आसपास हाड नेमके या कच्च्या स्थितीत असते. आणि नेमका तेव्हाच वाढलेला दम जास्त पळायला भाग पाडतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, ६० किलो वजनाचा एक तरुण पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटर, असे तीन दिवस धावला. एकूण सहा किलोमीटर. एका किलोमीटरला साधारण ११०० पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायाची ५५०. आठवड्यात एका पायाने ३ हजार ३०० वेळा जमीन झेलली. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. सरासरी धरली, तर दर पावलाला दीडशे किलो.

पाचव्या आठवड्यात हाच तरुण पाच किलोमीटर, असे सहा दिवस धावू लागला. एकूण ३० किलोमीटर, एका पायाची १६ हजार ५०० पावले. दम कदाचित दीडपट वाढला असेल, पायावरचा भार पाचपट झाला.

हा प्रश्न नवा नाही. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले, की ती हाडाला गेलेली बारीक चीर असते. आज तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. जगभरातल्या सैन्यांत आजही नव्याने भरती झालेल्यांना प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत याचा सर्वाधिक त्रास होतो.

दुखणे साधे की धोक्याचे, हे कसे ओळखायचे?

धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या दुखणे साधे असते. ते दोन्ही पायांत, पसरलेले असते आणि दोन-तीन दिवसांत जाते.

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखत असेल, धावायला लागताच कळ येत असेल आणि पाय तापल्यावर ती कमी होत असेल, तर तो बहुधा मैदानावर ज्याला 'शिन पेन' म्हणतात तो प्रकार आहे. ही हाडाने दिलेली पहिली सूचना. इथे धावणे कमी केले, तर काही आठवड्यांत आराम पडतो.

पण बोटाच्या एका टोकाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, धावताना दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जात असेल, रात्री झोपेत किंवा साधे चालतानाही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला चीर गेलेली असू शकते.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. अशी चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये ती लवकर कळते. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पुन्हा मैदानात उतरणे धोक्याचे ठरू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे त्याहून वाईट. गोळीमुळे सूचना बंद होते, चीर तशीच राहते.

'दर आठवड्याला १० टक्के वाढवा' हा नियम खरा का?

धावण्याच्या बहुतेक पुस्तकांत आणि व्हिडिओंत हा नियम सापडतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी तो तपासला. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५३२ नवख्या धावपटूंचे दोन गट केले. एकाला १३ आठवड्यांचा, १० टक्क्यांच्या नियमाने हळूहळू वाढणारा सराव दिला, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. दुखापतींचे प्रमाण निघाले २०.८ आणि २०.३ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. दोन्ही गटांत पाचातला एक जण जखमी झाला.

मग नेमके काय सांभाळायचे? २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतील नोंदींचा अभ्यास आला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त घातक असल्याचे त्यात दिसले. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वात लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून अधिक लांब झाली, की दुखापतीचा धोका वाढत होता.

याचा अर्थ सरळ आहे. महिन्याभरात जास्तीत जास्त चार किलोमीटर धावलेल्या मुलाने रविवारी ग्रुपसोबत ईर्षेने आठ किलोमीटरचा 'लाँग' मारणे, हीच ती उडी. बाकीचे सहा दिवस कितीही शिस्तीत गेले, तरी तो एक रविवार सगळ्यावर पाणी फिरवू शकतो.

वऱ्हाडची जमीन आणि ऊन काय करते?

तिवसा तालुका काळ्या कापसाच्या जमिनीचा. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात, त्यात पाय मुरगळतो. पावसाळ्यात चिखल बुटाला असा चिकटतो, की प्रत्येक पाऊल जड होते. त्यामुळे मुले डांबरी रस्त्यावर येतात. डांबर कडक असतेच, शिवाय रस्त्याची कड उतरती असते. रोज एकाच कडेने धावले, तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो. म्हणून सपाट मातीचे मैदान मिळाले तर उत्तम. गोल मैदानावरही काही फेऱ्या उलट दिशेने माराव्यात.

महामार्गावर धावायचे टाळलेलेच बरे. पर्याय नसेल, तर वाहने समोरून दिसतील अशा उजव्या कडेने, अंधारात उजळ किंवा चमकणारी पट्टी असलेले कपडे घालून धावावे. कानात हेडफोन नको.

उन्हाचा प्रश्न त्याहून गंभीर. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात धावण्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर तोच वेग जास्त जड वाटतो. ती प्रगती थांबल्याची खूण नसते. भरतीचे मैदान मात्र हवामान पाहून ठरत नाही. २०२४ च्या भरतीत राज्य राखीव पोलीस दलाच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत कोसळलेल्या उमेदवाराचा मृत्यू झाला होता. चक्कर, अंगावर काटा येणे, मळमळ, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही जाणवले, तर गुणांचा विचार न करता थांबणे हाच शहाणपणा.

दम वाढतच नसेल तर?

महिनाभर नियमित धावूनही थोड्या अंतरात धाप लागत असेल, तर दोष मेहनतीचा नसेलही. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल, तर स्नायूंपर्यंत ऑक्सिजनच पुरेसा पोहोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी सरावाच्या सुरुवातीलाच ही साधी रक्ततपासणी करून घेणे फायद्याचे ठरते.

खाण्याचेही तसेच. पहाटे उपाशीपोटी धावायचे, नंतर चहा-बिस्कीट आणि थेट अभ्यासिका, असा अनेकांचा दिवस असतो. धावणे वाढते, जेवण तेवढेच राहते. हाड भरायला लागणारे साहित्य मग येणार कुठून? त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. भिजवलेला हरभरा, शेंगदाणे, वरण, ज्वारीची भाकर, पालेभाजी, दूध, परवडत असतील तर अंडी, हे पुरेसे आहे. जेवणात लिंबू पिळले तर लोह जास्त शोषले जाते, जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते कमी होते. आणि झोप हवी. दुरुस्तीचे बरेचसे काम तेव्हाच चालते.

मोठ्या धावपटूंनाही हे चुकले नाही का?

भारताचा ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर अविनाश साबळे याची सुरुवात पाहण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. आई-वडील वीटभट्टीवर काम करायचे. शाळा लांब, म्हणून रोजचे अंतर चालत-पळत कापायचे. पण धावपटू होण्याचा विचार तेव्हा नव्हता. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीन आणि राजस्थानात नोकरी केली. स्पर्धात्मक धावणे सुरू झाले ते २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून. वय २० च्या पुढे होते.

पहिली प्रगती वेगाने झाली. मग सरावात दुखापत झाली, धावणे थांबले, वजन वाढले. ते उतरवून तो परतला आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने आशियाई क्रीडा स्पर्धेची पात्रता हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देत गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

पुढे २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. आणि २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत गुडघ्याच्या अस्थिबंधाला मोठी दुखापत.

या प्रवासात दुखापत हा अपवाद नाही, ती अधूनमधून येतच राहिली. पहिल्या क्रॉस कंट्रीपासून पहिल्या राष्ट्रीय विक्रमापर्यंत तीन वर्षे गेली, त्यातले कितीतरी महिने सावरण्यात. भरतीची तयारी करणारी मुले त्याचे व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. त्यात शेवटची फेरी दिसते, थांबलेले महिने दिसत नाहीत.

मग पहिले १२ आठवडे कसे असावेत?

'काउच टू ५के' हा जगभर वापरला जाणारा कार्यक्रम अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, धावणे आणि चालणे आलटूनपालटून. कल्पना एवढीच. तिवसा तालुक्याला ती परकी वाटू नये. इथल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी शेकडो वर्षांपासून पायी पंढरपूरला जाते. ती पहिल्याच दिवशी पळत सुटत नाही. रोजचा टप्पा ठरलेला, मुक्काम ठरलेला.

त्याच धर्तीवर एक नमुना असा:

• आठवडा १-२: आठवड्यातून ३ दिवस. १ मिनिट हळू धावणे, २ मिनिटे चालणे, असे १० वेळा.

• आठवडा ३-४: ३ दिवस. २ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, १० वेळा. दम शिल्लक वाटला तरी दिवस वाढवायचे नाहीत.

• आठवडा ५: मुद्दाम हलका. चौथ्या आठवड्याच्या दोन तृतीयांशच. हाच तो घातक आठवडा.

• आठवडा ६-८: ३ ते ४ दिवस. ५ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ५ वेळा. हळूहळू धावण्याचा टप्पा ८ मिनिटांवर, तेव्हा ३ वेळा.

• आठवडा ९-१०: न थांबता २५ ते ३० मिनिटे, बोलता येईल अशा वेगाने.

• आठवडा ११-१२: एक दिवस २०० मीटरच्या चार वेगवान धावा, मध्ये पूर्ण विश्रांती. बाकीचे दिवस हळूच.

मधल्या दिवसांत पोटऱ्या उचलणे, उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणे असे पायांचे व्यायाम १५ मिनिटे पुरतात. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या १२ आठवड्यांत ५ मिनिटे १० सेकंदांची वेळ येईल, असे नाही. बहुतेकांना येणारही नाही. हा पाया आहे. वेळ त्यानंतरच्या महिन्यांत कमी होते. म्हणूनच धावायला सुरुवात जाहिरात आल्यावर करायची नसते, ती येण्याच्या कितीतरी आधी करायची असते.

थांबावे लागले, तर सगळे वाया जाते का?

नाही. आठवडाभर विश्रांती घेतल्याने दम फारसा घटत नाही. दोन-तीन आठवडे थांबल्यावर थोडी घट होते, पण ती परत मिळवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. दुखणे परवानगी देत असेल, तर या काळात सायकल चालवता येते. गावात विहीर किंवा तलाव असेल आणि पोहता येत असेल, तर तेही चालते. हृदय कामात राहते, हाडाला उसंत मिळते.

परतताना मात्र जिथे थांबलो तिथून नव्हे, दोन टप्पे मागून सुरुवात करावी. मैदानावर मित्र पुढे निघून गेलेले दिसतील, घड्याळ जुनी वेळ आठवून देईल. त्या दिवशी हळू धावणे हेच सगळ्यात कठीण काम असते.

नडगीची पहिली कळ आल्यावर आठ दिवस थांबणाऱ्याचे आठ दिवसच जातात. ती दाबून धावणाऱ्याला पुढे दोन-तीन महिने बाहेर बसावे लागू शकते. वयाच्या अटीत शेवटची संधी उरलेल्या मुलासाठी हा फरक भरतीच्या यादीत नाव असण्याचा किंवा नसण्याचा असतो.